गोल कोण अडवतं?

"इबोमचा! सिर्फ और सिर्फ इबोमचा!" प्रेक्षकांच्या बाकावरून चड्ढाजींनी शेंगदाण्यांची पुडी हवेत नाचवली. "सात मैच, एक गोल. गोलकीपर नहीं है जी, दीवार है."

"और दीवार के आगे पुष्कर न हो तो?" शेजारी बसलेला हरीश कुठला ऐकतोय! "खिड़कियाँ निकल आएँगी आपकी दीवार में." मग मागे वळून तो मराठीत म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगा. डिफेन्स कोणामुळे टिकलाय आपला?"

लतिका काय सांगणार, कपाळ? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी ऑफसाइड म्हणजे काय ते तिला कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. दर शनिवारी नवरा दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरातून सकाळी गायब व्हायचा तो दिवेलागणीला घसा बसवून परत यायचा, एवढीच तिची आणि फुटबॉलची ओळख. आज ती पहिल्यांदा मैदानावर आली होती, पण मॅच बघायला नव्हे. तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या फोनकडे होतं. रिपोर्ट आज दुपारी येणार होता.

नवरा म्हणजे गुणवंत इंगवले, भांडार विभागात सेक्शन ऑफिसर. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल अंगात मुरलेला. गुडघा गेल्यावर खेळणं सुटलं, टीम काही सुटली नाही. गेली बारा वर्षं तो विभागाच्या टीमचा बिनपगारी मॅनेजर होता. मॅनेजर म्हणजे काय, तर जर्सी धुवायला टाकायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि मॅचभर रेषेवर उभं राहून बोंबलायचं. सुरुवातीला तो हिंदीत ओरडायचा, पण मग समोरच्या टीमलाही सगळं कळायचं. एकदा वैतागून त्यानं आपली कोल्हापुरी सुरू केली, "आरं मागं बघ की! धर त्येला! सोडू नगंस!" आणि समोरचे बघतच राहिले. तेव्हापासून तो रिवाजच पडला. पोरगा केरळचा असो की हरयाणाचा, डिफेन्समध्ये उभं राहायचं तर ही दहा-बारा वाक्यं शिकावीच लागायची.

आणि मग दिवाळीनंतर त्याचा आवाज बसला तो उठेचना. आलं झालं, ज्येष्ठमध झालं, वाफारे झाले. शेवटी लतिकेनं हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. स्वरतंतूवर गाठ निघाली. ती काढून तपासायला पाठवली, त्याला आज दहा दिवस झाले होते. "बहुतेक साधीच असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि रिपोर्ट काहीही येवो, ओरडणं आता जन्मात बंद. पहिले दोन आठवडे तर अक्षरसुद्धा बोलायचं नाही."

त्या 'बहुतेक'नं लतिकेची झोप उडाली होती. दहा दिवस दोघांनीही त्या आजाराचं नाव घरात काढलं नव्हतं. पुण्याला शिकणाऱ्या शिवांगीनं, त्यांच्या लेकीनं, बटण दाबलं की पुसली जाणारी एक पाटी ऑनलाइन पाठवली होती. गुणवंत तिच्यावर लिहायचा, 'आमटीत मीठ कमी', 'सिलिंडर आला का?' लतिका तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि रात्रभर छताकडे बघत पडायची.

आज सकाळी त्यानं पाटीवर लिहिलं, 'सेमीफायनल आहे. जाऊ?' तिला आधी संताप आला. मग वाटलं, घरात बसून तरी काय करणार, एकमेकांची तोंडं बघणार?

"मी पण येते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाला कुलूप लावायला कोणीतरी हवं ना!"

पण कुलूप लावणं सोपं, त्याची तडफड बघणं अवघड. मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच तो रेषेवरून धावत आला, पाटीवर खरडलं, 'पुष्कर फार पुढे गेलाय. मागे बोलव', आणि मैदानाकडे बोट दाखवलं.

"मी? अहो, काहीतरीच काय! चारचौघांत मी ओरडू?"

त्यानं हात जोडले. तेही बिचाऱ्यानं पाटी काखेत धरून.

लतिका उठली, ओढणी कमरेला बांधली. पंचवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई ती, आवाजाला काय तोटा! "पुष्कर! मागे ये!"

चड्ढाजींच्या हातातले शेंगदाणे सांडले. पुष्करनं दचकून बघितलं, आणि आला की मुकाट्यानं मागे! लतिकेला मोठी गंमत वाटली.

पण त्यानं लिहायचं, तिनं वाचायचं, मग ओरडायचं, तोवर बॉल कुठल्या कुठे पोचायचा. 'तीन नंबर मोकळा' हे ती ओरडेपर्यंत तीन नंबर पाणी प्यायला बाहेर आलेला असायचा. शेवटी तिनं पाटीचा नाद सोडला आणि जे दिसेल ते सरळ ओरडायला लागली. तिथंच घोटाळा झाला.

"अरे, डावीकडे कोणी नाही! डावी बाजू पूर्ण मोकळी आहे!"

समोरच्या टीमचा नऊ नंबर क्षणभर थबकला, गर्रकन वळला आणि नेमका त्याच मोकळ्या बाजूनं आत घुसला. इबोमचानं अंग झोकून बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर ढकलला, म्हणून अब्रू वाचली.

नऊ नंबर हसत हसत रेषेजवळून परत गेला. "थँक्यू हो काकू! मी नागपूरचा. मागच्याच महिन्यात बदली झाली माझी इकडे."

लतिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं भीत भीत गुणवंतकडे बघितलं. तो कपाळाला हात लावून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते. हसत होता तो! दहा दिवसांत पहिल्यांदा. मग त्यानं पाटी वर धरली, 'बस कर आता'.

मध्यंतराच्या जरासं आधी भांडार विभागाचा एक गोल झाला आणि चड्ढाजींना पुन्हा जोर चढला. "देखा? आज भी इबोमचा ने बचाया!"

"वो तो भाभीजी की मेहरबानी थी," हरीश म्हणाला. "बाकी चालीस मिनट किसने रोका? पुष्कर ने."

"अरे यार, कोच को क्यों भूलते हो?" मागून तिसराच कोणीतरी बोलला. "सैनी सर आए, तभी तो डिफेंस सुधरा."

लतिका इतका वेळ ऐकत होती. आता तिला राहवेना. "और जो बारह साल से गला फाड़ रहे हैं, उनका कुछ नहीं?"

"कौन, भाभीजी?"

"कौन म्हणजे?" रागात तिचं हिंदी संपलं. "ते! ते तिकडे बाटल्या भरतायत ना, ते!"

तिघांनी वळून बघितलं. गुणवंत नळाजवळ वाकून बाटल्यांची झाकणं घट्ट करत होता.

"इंगवलेजी?" चड्ढाजी गडबडले. "वो तो... वो तो हैं ही."

हरीश ओशाळला. "खरंय वहिनी. आम्ही त्यांना कधी धरलंच नाही हिशेबात. घरातल्या पंख्याचं कसं, बंद पडल्यावरच लक्ष जातं."

"बंद नाही पडलेले ते!" लतिका ताडकन म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते दिसू नये म्हणून ती फोनमध्ये बघत बसली. हरीशला काय बोललो आणि काय झालं ते समजेना. त्यानं चड्ढाजींच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी घेऊन तिच्यापुढे धरली.

मध्यंतरानंतर समोरची टीम चवताळून आली. नागपूरकर तर पिसाळल्यासारखा धावत होता. गुणवंत पाटी हातात धरून रेषेवर उभा होता. त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं. लतिकेला ते बघवेना. एवढ्यात गोलपोस्टकडून आवाज आला, "आरं मागं बघ की!"

इबोमचा! इंफाळचा पोरगा, आणि तोंडात चक्क कोल्हापूर. मग हरयाणाचा राइट बॅक गरजला, "धर त्येला, धर!" पुष्कर खरा पुण्याचा, सदाशिव पेठेतला, पण तोही हेल काढून ओरडला, "सोडू नगंस लेका!" तिघं तीन दिशांनी बोलायला लागले. नागपूरकराला शब्द न् शब्द कळत होता, पण उपयोग काय? जिकडे वळावं तिकडे कोणीतरी आधीच येऊन उभा.

गुणवंतचं तोंड मिटलं ते मिटलंच. त्यानं पाटी खाली गवतावर ठेवली. लतिकेनं ही वाक्यं कधी ऐकली नव्हती, पण तो हेल, ते 'लेका', ती शेवटची खेच, सगळं तिच्या घरातलं होतं. नवऱ्याला शनिवारवेडा म्हणून आपण किती टोमणे मारले, ते आठवून तिला चुटपुट लागली. आणि अभिमान वाटला. भयंकर अभिमान वाटला.

फोन थरथरला.

तिनं फाइल उघडली. बारीक अक्षरं दोन बोटांनी मोठी केली. गाठीची लांबी, गाठीचा रंग, नको नको ती माहिती. मग शेवटची ओळ. ती तिनं वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचत असतानाच शिवांगीचा फोन आला, रिपोर्ट तिलाही गेला होता.

"आई, वाचलंस? काही नाहीये! काही नाहीये गं आई!" पलीकडे ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

"सांगते त्यांना," म्हणत लतिकेनं फोन ठेवला.

ती उठली. मॅच संपायला तीन-चार मिनिटं उरली होती, समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला होता, आणि बाकावरची सगळी मंडळी उठून उभी राहिली होती. ती त्यांच्यामधून वाट काढत रेषेपर्यंत गेली.

"अहो."

गुणवंतनं मागे न बघताच हात वर केला. थांब, कॉर्नर आहे.

"अहो, रिपोर्ट आला. साधी गाठ होती. कॅन्सर नाहीये." तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला. "ऐकलंत का? नाहीये!"

तो वळला. त्याच्या पाठीमागे कॉर्नर आला, इबोमचा ओरडला, पुष्करनं उडी मारून डोक्यानं बॉल बाहेर काढला, आणि बाकावर चड्ढाजींनी एकाचं आणि हरीशनं दुसऱ्याचं नाव घेऊन आरोळी ठोकली. बारा वर्षांत गुणवंतनं एकही कॉर्नर चुकवला नव्हता. हा त्यानं बघितला नाही. मैदानाकडे पाठ करून, लतिकेचे दोन्ही हात घट्ट धरून तो उभा राहिला आणि आवाज न करता पोटभर रडला.