लवूचं वाढलेलं रक्त

मी रक्त मोजणारी काचेची नळी बोलतेय. बोटभर उंची, अंगावर आकड्यांच्या रेषा, दोन्ही बाजूंना तपकिरी काचेचे तुकडे, असा माझा थाट. बोरीवलीला डॉक्टर वनमालाबाईंच्या दवाखान्याला लागूनच विद्याधरची रक्त तपासायची खोली आहे. माझी उमेदीची सारी वर्षं तिथेच गेली.

माझं काम साधं. पोटात थोडं आम्ल, त्यात बोट टोचून काढलेलं रक्त. ते तपकिरी झालं की विद्याधर थेंब थेंब पाणी घालायचा. रंग शेजारच्या काचेशी जुळला की पाणी ज्या रेषेवर असेल तो हिमोग्लोबिनचा आकडा. माझ्याकडे यायचे ते बहुतेक आठ-नऊवाले. आकडा कमी निघाला की टॉनिक, हे ठरलेलं. त्यामुळे कमी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगलं, असं मीही धरून चालले होते. सगळेच धरतात.

शहाऐंशी साली लवू आला. चारकोपच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर असायचा. मोठेपणी गालगुंड झाले, ते खाली वृषणात उतरले आणि त्याच्या शरीरात पुरुषाचं हार्मोन बनणंच थांबलं. डॉक्टरबाई ते इंजेक्शनातून द्यायच्या. ‘अधूनमधून रक्त तपासून घे रे बाबा,’ असं दरवेळी बजावायच्या आणि हा दरवेळी टाळायचा. घरी तर त्याने इंजेक्शनाचं खरं नावच काढलं नव्हतं. बायकोला, सुगंधाला, सांगितलं होतं, ‘ताकदीचं आहे.’ लाज, दुसरं काय! मला त्याचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो.

नवऱ्याला ताकदीचं इंजेक्शन लागतं म्हटल्यावर सुगंधा कामाला लागली. दोन्ही वेळा लोहाचं टॉनिक, ताटात बीट, सकाळी खजूर. लवूचा चेहरा लालबुंद झाला. चाळीतल्या बायका टॉनिकचं नाव विचारू लागल्या आणि ती खुशीत सांगू लागली.

मग त्याचं डोकं ठणकायला लागलं. कानात गुणगुण सुरू झाली. आणि एके दिवशी मशीनवर त्याच्या डाव्या हाताची बोटं अचानक बधिर झाली. शेजारच्याने हात मागे ओढला म्हणून वाचला. सुगंधाने त्याला तसाच दवाखान्यात आणला आणि डॉक्टरबाईंनी आधी रक्त बघायला सांगितलं.

विद्याधर पाणी घालत होता. चौदाची रेषा गेली, सोळाची गेली. रंग गडदच. अठरा गेली. असं माझ्या पोटात कधी घडलं नव्हतं. मी घाबरले. वीसवर रंग जुळला. विद्याधरला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. त्याने मला धुऊन कोरडं केलं, दुसरं बोट टोचलं. पुन्हा वीस.

“रक्त दाट झालंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गुठळी होऊन मेंदूत अडकली तर अर्धं अंग जाईल. जीवही जाईल. आत्ताच हॉस्पिटलमध्ये जाऊन बाटलीभर रक्त काढायचं.”

सुगंधा नवऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली. “काय बोलताय बाई? टॉनिक पाजून पाजून रक्त चढवलंय मी. ते काढून टाकायचं?”

“टॉनिक? कोणी सांगितलं टॉनिक द्यायला?”

सुगंधा नवऱ्याकडे बघायला लागली. डॉक्टरबाईही. लवू मान खाली घालून बसला होता. एक एक क्षण वाया जात होता आणि हा गप्प! मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. तेवढ्यात त्याचा डावा हात मांडीवरून घसरून खाली लोंबला. त्याला तो उचलता येईना. तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं.

“ताकदीचं नाय गं ते. माझ्या अंगात पुरुषाचं हार्मोन बनत नाय. ते टोचतात मला. त्यानेच रक्त वाढतंय.”

चिडली की सुगंधा मालवणीत शिरायची. “माका सांगूक काय झाला होता तुमका? मी माज्या हातान ता टॉनिक पाजलंय! माज्या हातान!” बोलता बोलता तिने त्याचा लोंबता हात उचलला, आपल्या खांद्यावर टाकला आणि दोघं रिक्षात बसली.

संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही. विद्याधर मला धुवायचंही विसरला. लवूचं रक्त पोटात घेऊन मी स्टँडवर उभी होते. दिवे लागले तेव्हा निरोप आला: रक्त काढलं, हात हलतोय.

इंजेक्शनाचा डोस कमी झाला, दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढलं. टॉनिक बंद, रक्त दाट करणारी त्याची विडीही बंद. हळूहळू आकडा सोळाच्या खाली उतरला. अंगात पूर्वीइतका जोर राहत नाही, अशी कुरकुर लवू करतो. पण येतो नेमाने.

आता विद्याधरने विजेवर चालणारं यंत्र आणलंय. मी पेटीत असते, वीज गेली तरच बाहेर येते. परवा अशीच बाहेर आले, तर समोर लवू! बाकावरच्या एका माणसाने त्याला विचारलं, “तुम्ही तर धट्टेकट्टे दिसता. कशाला रक्त तपासताय?”

मला वाटलं, आता हा शेजारी बसलेल्या सुगंधाच्या मागे लपणार.

“हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे,” लवू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “त्याने रक्त दाट होतं. म्हणून मोजायचं.”

तो माणूस जवळ सरकून हळूच म्हणाला, “मलापण तेच देतात. घरी ठाऊक नाही.”

लवूने बाकावर सरकून त्याला आपला आधीचा नंबर दिला. बाबांनो, आकडा मी सांगेन, पण माणसाला इथवर आणणं माझ्या हातात नाही.