एयोचं झाड

मी बकासी बोलतोय. नकाशात समुद्रात घुसलेलं एक टोक दिसतं, ते मी. जमीन म्हणावी तर निम्मा चिखल, पाणी म्हणावं तर वर तिवरांचं रान. नद्यांनी गाळ आणून मला घडवलं, आणि माझी कड कुठे संपते ते भरती-ओहोटी ठरवते.

पश्चिमेला नायजेरिया, पूर्वेला कॅमेरून. परक्या सत्तांनी कधीकाळी कागदावर रेघ ओढली आणि तिच्यापायी हे दोघे शेजारी हमरीतुमरीवर आले. माशांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझ्याजवळ तेल असल्याची कुणकुण लागली, तशी दोघांची माया जरा जास्तच उतू जाऊ लागली. शेवटी दूरच्या न्यायालयाने मला कॅमेरूनच्या पदरात टाकलं. मला कोणी विचारलं नाही, आणि माझं काही अडलंही नाही.

अडलं ते आतिमचं. ही एफिक जमातीची कोळीण इथेच कोळंबी धुरावर सुकवत म्हातारी झाली. इथे मूल झालं की त्याची नाळ पुरून वर नारळ लावतात. तू कुठला, असं विचारलं की माणूस आपलं झाड दाखवतो.

झेंडा बदलला तेव्हा तिचा मुलगा इता म्हणाला, "आई, चल. होडी भरलीय. तिकडे नायजेरियात सरकार घर देणार आहे."

"आणि तुझ्या बाळाची नाळ? ती काय सरकारच्या अंगणात पुरू?"

बडबडत का होईना, ती गेली. सुनेचे दिवस भरत आले होते.

काही महिन्यांनी ती एकटीच परत आली. दुधाच्या डब्यात नातवाची, एयोची नाळ, काखेत कोंब फुटलेला नारळ. इताचं झाड खाडीत आडवं पडलं होतं. समोरची तिवरं साऱ्या वस्तीने धुरासाठी तोडली होती, तिनेही; आडोसा गेला आणि लाटांनी काठ खाल्ला. ती मटकन बसली आणि रडली. मग थोडं आत सरकून खणू लागली.

पहाऱ्यावरचा शिपाई आला. "आजीबाई, हा आता आमचा मुलूख."

"असू दे की. मी कुठे उचलून नेतेय?"

"नारळ धरेपर्यंत तुम्ही असाल का?"

"नसेन. तू खा. पण कोणी विचारलं तर सांग, हे एयोचं झाड. विसरलास तर बघ."

शिपाई हसला. खड्डा त्यानेच खोल करून दिला.

आतिम नातवाकडे परत गेली, ती पुन्हा आली नाही. शिपायाची बदली झाली. झाडाचं नाव आता फक्त मला ठाऊक आहे, म्हणून एवढं बोललो. झेंडा कुणाचाही लावा, पण समोर नव्याने फुटलेली तिवरं तोडू नका. एयो विचारत आला, तर त्याला झाड दिसलं पाहिजे.