ऑइलच्या वाटेतली चिंधी

मी एका जुन्या ट्रकचं इंजिन बोलतोय. एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं, डिझेलवर चालणारं. मला नुकतंच पुन्हा बांधलंय. माझा आवाज थोडा बदललाय आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही. कुठं जरा वेगळी टकटक झाली की माझा जीव खालीवर होतो. का होतो, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ठोकलेला नंबर, आणि नवेपणाचा थोडा माज. देवगाव रंगारीच्या धोंडिबांनी ट्रक घेतला आणि मी त्यांच्या घरी आलो. कापूस, ऊस, खताच्या गोण्या, जे भरतील ते ओढायचो. दहाएक वर्षांनी पुंजाराम ड्रायव्हर म्हणून आला. दौलताबादकडचा, मेंढपाळाच्या घरातला. कमी बोलायचा. मला सुरू करण्याआधी तो रोज ऑइल मोजायची पट्टी ओढायचा, पुसायचा, पुन्हा घालून बघायचा. ऑइल दाखवणारा डॅशवरचा काटा कधीच बंद पडला होता आणि धोंडिबा तो आज बसवू, उद्या बसवू करत राहिले. पुंजारामचा सगळा भरवसा त्या पट्टीवर होता.

अठ्ठ्याण्णव साली मी फार धूर ओकायला लागलो, म्हणून मला शहरात कडुबा मिस्त्रींच्या शेडमध्ये उतरवलं. कडुबांचा हात चांगला होता. नुसत्या बोटानं चाचपून ते लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, झीज सांगायचे. बेअरिंगांकडे ऑइल नेणाऱ्या माझ्या पोटातल्या बारीक वाटा ते साफ करत होते. तारेला चिंधी गुंडाळायची, आत घालायची, ओढून काढायची. चौथ्या बेअरिंगच्या वाटेत तार अडली. इतक्यात चहा आला. चहा पिऊन त्यांनी तार ओढली, ती निघाली, आणि ते पुढच्या कामाला लागले. चिंधीचा बोटभर तुकडा आतच राहिला.

मला तो कळला. घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. ऑइल त्याच्या कडेकडेनं झिरपत होतं, तेवढ्यावर मी नऊ महिने काढले. चढ आला की चौथ्या सिलिंडरखाली आग व्हायची. मी बारीक ठोका देऊन सांगायचा प्रयत्न करायचो. पुंजाराम कान द्यायचा, गाडी बाजूला घ्यायचा, पट्टी बघायचा. पट्टीवर ऑइल बरोबर असायचं. त्यानं दोनदा धोंडिबांना सांगितलंही. ते म्हणाले, ''नवं काम हाये, बसंल हळूहळू.''

मग तो दिवस आला. आम्ही चाळीसगावहून सरकी पेंडीची पोती भरून कन्नडचा घाट चढत होतो. दुपारचं ऊन होतं. एका वळणावर ती चिंधी आत सरकली आणि वाट पुरती बंद झाली. पुढचं सगळं काही क्षणांत झालं. बेअरिंग जळालं, कनेक्टिंग रॉड तुटला आणि खालचं ऑइलचं चेंबर फोडून बाहेर आला. मी जागीच आवळलो, जाम झालो. गाडी मागं सरकायला लागली. मागं माणसांनी भरलेली जीप होती. पुंजारामनं हँडब्रेक ओढला, स्टेअरिंग वळवलं आणि ट्रकचा मागचा भाग डोंगराच्या कडेला नेऊन भिडवला. जीपला खरचटलंसुद्धा नाही.

हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मला ओढून कडुबांच्या शेडमध्ये आणलं. त्यांनी खालून हात घातला. चेंबर कोरडं ठणठणीत होतं.

''ऑइलच नव्हतं ह्याच्यात,'' ते धोंडिबांना म्हणाले. ''बिना ऑइलचं पळवलंय.''

''भोक पडल्यावर सांडलं नं मिस्त्री!'' पुंजाराम काकुळतीला आला. ''सकाळी म्या सोता बघितलं व्हतं.''

घाटात जाऊन सांडलेल्या ऑइलचा डाग बघून यावा असं कुणालाही वाटलं नाही. शेडमध्ये तेव्हा आठदहा ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यासमोर कडुबा म्हणाले, ''माझ्या हातचं इंजन असं नऊ महिन्यात जात नसतंय.'' मी तिथंच, दोन लाकडी ओंडक्यांवर पडून होतो. मला वाचा असती तर!

त्या एका वाक्यानं पुंजारामचं स्टेअरिंग सुटलं. ट्रकअड्ड्यावर त्याला नाव पडलं, ऑइल न बघणारा ड्रायव्हर. कुणी गाडी देईना. तो गावी मेंढरांमागं गेला. धोंडिबांनी ट्रकमध्ये दुसरं इंजिन बसवलं आणि मला देवगावच्या गोठ्यात ताडपत्रीखाली टाकलं. तिथं सव्वीस वर्षं गेली. कोंबड्यांनी माझ्या अंगावर अंडी घातली. धोंडिबा वारले. ट्रकातलं ते दुसरं इंजिनही संपलं. मला मात्र सारखं वाटायचं की कुणीतरी उघडावं, आणि कुणी ताडपत्रीला हात लावला की वाटायचं, नको, भंगारात घालायला आले असतील.

गेल्या वर्षी धोंडिबांच्या मुलानं, आदिनाथनं, ताडपत्री काढली. तो अद्रकीचं पीक घेतो. वडिलांचा ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा त्यानं ठरवलं होतं, आणि ट्रकच्या कागदांवर इंजिनचा नंबर माझाच होता. टेम्पोत घालून त्यानं मला शहरात आणलं. क्रांती चौकाच्या गर्दीत टेम्पोचा ब्रेक लागला की मी दोरात हिसके खात होतो. कुठं चाललोय ते मला ठाऊक नव्हतं. शेडचं दार दिसलं तेव्हा ठाऊक झालं.

कडुबा आता सत्तरीचे. हात थरथरतो. काम मुख्यतः त्यांची मुलगी रत्नमाला करते. ती वाळूजच्या कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात आहे, सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये येते. वडील बोटानं चाचपणार, ती मायक्रोमीटर लावणार, आणि मग दोघांचं वाजणार.

''बाबा, ब्लॉकला तडा असेल तर पुढं काही करण्यात अर्थ नाही,'' ती म्हणाली आणि तिनं माझ्यावर लाल रंग फासला. रंग पुसून, वर पांढरी पावडर मारून ती वाट बघत बसली. तडा असेल तिथं लाल रेघ उमटणार होती. त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते मलाच माहीत. रेघ उमटली नाही.

मग लायनर नवे आले, क्रँक घासून आला, चौथा रॉड दुसरा मिळाला. रत्नमालाला मला थोडं सुधारायचंही होतं. डायनमोऐवजी अल्टरनेटर, पिळून बसवायचा नवा ऑइल फिल्टर, मागच्या बाजूला ऑइल गळू नये म्हणून घातलेल्या दोरीऐवजी रबरी सील. कडुबा आधी म्हणाले, ''जसं व्हतं तसंच बांधायचं.'' फिल्टरला मात्र त्यांनी मान डोलावली.

''आणि डॅशवर ऑइलचा काटा, शेजारी लाल दिवा,'' ती म्हणाली. ''ऑइल कमी पडलं की दिवा लागणार.''

''लाव बाई.''

मला सुधारणेची भीती नव्हती. भीती होती ती वाटा साफ करायची वेळ जवळ आल्याची. किती वर्षं मी हेच मागत होतो, आणि आता मात्र त्या थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याकडे बघून वाटत होतं, आत न बघताच बांधून टाकलं तर बरं. पण तसं बांधलं असतं तर मी पुन्हा कुणालातरी घाटात सोडलं असतं.

रत्नमालानं चौथ्या वाटेत आकड्याची तार घातली. काहीतरी काळं, कडक बाहेर आलं. तिनं ते डिझेलमध्ये धुतलं. निळ्या चौकड्या दिसायला लागल्या.

''बाबा, हे काय?''

कडुबांनी ते तळहातावर पसरलं. त्या कापडाचा शर्ट त्यांनी कैक वर्षं वापरला होता, फाटल्यावर पुसायला घेतला होता. ते स्टुलावर बसले. रत्नमाला म्हणाली, ''लहानपणापासून तुम्ही मला पुंजारामकाकांची गोष्ट सांगत आलात. कामात हयगय केली की काय होतं बघ, म्हणून. ती उलटीच सांगितली की हो.''

कडुबांनी चिंधी खिशात घातली. पुढचे दोन आठवडे ते शेडमध्ये आले, पण माझ्या बाजूला फिरकले नाहीत. रत्नमालानंही मला हात लावला नाही. ''आधी तुम्ही पुंजारामकाकांकडे जाऊन या,'' एवढंच ती म्हणायची. मी अर्धवट उघडा पडून होतो. शेडमधल्या भट्टीत ती चिंधी टाकून दिली तर सगळं मिटणार होतं. रोज मला वाटायचं, आज टाकतील.

तिसऱ्या रविवारी ते सकाळीच गेले आणि दुपारी पुंजारामला घेऊन आले. बरोबर त्याची बायको बानाबाई होती. पुंजाराम पार वाळला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढली.

''बस, पुंजा.''

''बसाय नाय आलो. काय दावायचंय ते दाव.''

कडुबांनी चिंधी दाखवली, ती कुठून निघाली ती वाट दाखवली. ''ही माझी हाये. त्या दिवशी ऑइल व्हतं. चूक माझी व्हती, आन् नाव म्या तुझं घेतलं.''

पुंजारामनं त्या भोकात बोट घालून बघितलं.

''ऑइल व्हतं हे मला ठाव व्हतं,'' तो म्हणाला. ''पैली दोनचार सालं. मंग ज्यो त्यो म्हणायचा, इसरला असशील. मंग मलाच वाटाय लागलं, इसरलोच असू. आता मेंढरं कोंडली तरी चारदा मोजतो, कडुबा. सोतावर भरोसा नाय ऱ्हायला.''

''चारदा कुठलं,'' बानाबाई म्हणाली. ''साताठदा. जेवता जेवता उठत्यात. मी म्हनायची, आवो, तुम्ही बघितलं असंल. तर माझ्यावरच चिडायचे.''

कडुबांची मान खाली गेली. ''माफ कर म्हणाय तोंड नाय मला.''

''माफीचं मागून बघू. अड्ड्यावर सांगशील का? तव्हाचे जे जिते हायत त्यांच्यापुढं?''

''सांगतो.''

''कव्हा?''

''आत्ता चल.''

तिघं गेली. रत्नमाला हात पुसत त्यांच्या मागं निघाली. तिथं काय झालं ते मी बघितलं नाही. रत्नमाला नंतर आदिनाथला सांगत होती की एक म्हातारा ड्रायव्हर हसला, एक उठून निघून गेला, आणि एकानं पुंजारामचा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं आपली गाडी कडुबांच्या शेडमधून काढून नेली. कडुबा दारात उभं राहून बघत होते.

मला सुरू केलं त्या सकाळी सगळे जमले होते. आदिनाथ चावी फिरवणार, तेवढ्यात पुंजाराम पुढं झाला. त्यानं पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. मग ती घेऊन तो एकेकासमोर गेला. ''बघा. नीट बघा.'' आदिनाथनं बघितली, रत्नमालानं बघितली. कडुबांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, ''हाये. बरोबर हाये.''

मी सुरू झालो. पहिले तीन ठोके कोरडे गेले, लाल दिवा जळत राहिला, आणि मला वाटलं, संपलं. मग ऑइल चौथ्या बेअरिंगपर्यंत पोचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दिवा विझला. बानाबाईला दिव्याचं काही कळलं नाही, पण तिनं डोळे पुसले.

परवा आम्ही कन्नडचा घाट चढलो. आदिनाथ चालवत होता, शेजारी पुंजाराम. त्या वळणावर तो म्हणाला, ''थांबव.'' खाली उतरून डोंगराच्या कडेला उभा राहिला. मी चालूच होतो, भीतीनं घामाघूम. परत आला, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, ''चल.'' आम्ही वर पोचलो.

माझी धास्ती अजून गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही. चढ आला की चौथ्या सिलिंडरकडे माझं लक्ष जातंच. पण तुमच्याकडे एकच मागणं आहे. रस्त्यात एखादी गाडी बंद पडलेली दिसली तर लगेच ड्रायव्हरचं नाव घेऊ नका. आम्ही लोखंडाचे आहोत, आम्हाला पुन्हा बांधता येतं. आधी आम्हाला उघडून बघा.