कोरं लाकूड

आमच्या घरात बोलण्याची टंचाई आहे. लग्न होऊन मी देवासहून उज्जैनला आले तेव्हा वाटलं, नवी सून म्हणून माझ्याशी कमी बोलत असतील. पुढे कळलं, ही माणसं आपसातही अशीच. सासरे, म्हणजे आप्पा, खरादीवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, लाकूड धरायचे आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायच्या. भोवरे, खुळखुळे, भातुकलीची भांडी. रंग कधी बदलायचा हे आप्पांना सांगावं लागायचं नाही आणि खराद कधी हळू करायची हे आईंना. सबंध दुपार दोघांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मला आधी याचं फार कौतुक होतं. आता चीड येते.

आप्पा मिलमध्ये टर्नर होते. मिल बंद पडली तेव्हा तिथली भंगारात निघालेली खराद त्यांनी घरी आणली आणि फ्रीगंजमागच्या आमच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत बसवली. काही वर्षं बरी गेली. मग बाजार खुला झाला, दुकानांत सेलवर पळणाऱ्या मोटारी आल्या आणि आमचे भोवरे देवदर्शनाला आलेल्या खेड्यातल्या माणसांपुरते उरले. माझा नवरा श्रीनाथ त्या खोलीवर डोळा ठेवून होता. त्याला तिथे एसटीडी बूथ टाकायचा होता. त्याचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही, पण खराद गेली तर आप्पांनी सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

त्यातच इंदूरचे माणिकराव आले. ते हस्तकलेचा माल बाहेरदेशी पाठवतात. त्यांनी पिशवीतून दोन जपानी खेळणी काढली. केंदामा. एक दांडा, त्याला तीन बाजूंनी वाट्या, वर टोक, आणि दोरीला बांधलेला भोकाचा चेंडू. चेंडू उडवून वाटीत झेलायचा, नाहीतर टोकात अडकवायचा. एकाचा चेंडू लालभडक रंगवलेला होता, दुसरा नुसता लाकडाचा.

"दोन्ही चालतात तिकडे," माणिकराव म्हणाले. "पण नमुने एकाच तऱ्हेचे पाठवा, मिक्स नको. पसंत पडले की वर्षभराची ऑर्डर पक्की समजा."

"आणि नाही पडले तर ही खोली मी घेणार," श्रीनाथ म्हणाला. "आप्पा, मंजूर?"

आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी तो बिनरंगाचा केंदामा उचलला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ फिरवून पाहिला.

"हा करू," ते म्हणाले. "आजवर माझं सगळं काम रंगाखाली गेलं. एकदा लाकूडच दिसू दे."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. एवढी वर्षं हिच्या रंगावर माल खपला, हे त्या वेळी आप्पांनी म्हणायला हवं होतं. निदान आईंकडे बघायला तरी हवं होतं. आईंनी ट्रे ठेवला, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी पाहिलं तर लाखेच्या कांड्या डब्यात भरून डबा फडताळात वर गेला होता.

पुढचे दिवस आप्पा निराळेच झाले. लाकडाच्या अड्ड्यावर जाऊन त्यांनी दुधी नावाच्या पांढऱ्या लाकडाचे ओंडके एकेक करून निवडले. रंगाखाली गाठ लपते, चीर बुजवता येते; कोऱ्या लाकडात काहीच लपत नाही. निम्मं लाकूड त्यांनी बाजूला टाकलं. उरलेल्यातून चेंडू, वाट्या, दांडे काढले आणि सगळं केवड्याच्या पानाने घासलं. चेंडू असे तुकतुकीत झाले की रोगण दिलंय असं वाटावं. मलाही हातात घेऊन ते त्यातल्या रेषा दाखवायचे. आई त्या खोलीत फक्त केर काढायला जायच्या.

माणिकराव माल न्यायला दुपारी येणार होते. मी सकाळीच नानाखेड्याच्या शाळेत शिकवायला गेले. परत आले तर घरात श्रीनाथचा आवाज चढलेला.

आमच्याकडे रिवाज आहे. नव्या मालाची पहिली खेप बाहेर पडण्याआधी घरच्या बाईने प्रत्येक नगाला हळदकुंकू लावायचं, हात जोडायचे आणि मग ओल्या फडक्याने पुसून माल बांधायचा. लाखेवरून कुंकू साफ निघतं. आईंचा हात त्या लाखेला सरावलेला. त्यांनी नेहमीसारखं सगळ्या चेंडूंना बोट लावलं, ओलं फडकं फिरवलं आणि कोऱ्या लाकडाने तो रंग पिऊन घेतला. प्रत्येक चेंडूवर जखम पुसल्यासारखा लालपिवळा फराटा. घासून काढावं तर रंग खोल उतरलेला, आणि जास्त घासला की चेंडू वाटीत सैल बसतो.

"जानबूझके केलंस तू," श्रीनाथ म्हणत होता. "तुझा रंग घेतला नाही ना, म्हणून. पूर्ण माल खराब करून टाकला."

 आई आप्पांकडे बघत होत्या. आप्पा खाली मान घालून एक चेंडू अंगठ्याने चोळत बसले होते. मला न राहवून मी म्हटलं, "अहो, आई मुद्दाम कशाला करतील?" पण सुनेच्या बोलण्याला त्या वेळी कोण विचारतो. आई मात्र आप्पांवरून नजर काढेनात. मग कुकरची शिट्टी झाली आणि त्या आत गेल्या.

माणिकरावांनी माल पाहून कपाळाला हात लावला. माणूस भला होता. म्हणाला, "पुढल्या आठवड्यात अजून एक पार्सल जातंय. बाजूला टाकलेल्या लाकडाचे रंगवलेले करा. रंगीत पण पसंत करतात ते लोक."

म्हणजे खराद वाचणार होती. आप्पांनी दुसऱ्या दिवशी चेंडू कातायला घेतले. दोन दिवसांत सगळे तयार झाले. आता फक्त लाख द्यायची होती, आणि तो हात घरात एकट्या आईंचा.

आईंनी डबा काढला नाही.

"आई, रंगवून द्या ना," मी म्हटलं.

"मी माल बिघडवते असं ज्यांना वाटतं, त्यांच्या मालाला मी हात कशी लावू? त्यांनी आधी सांगावं, मी तसं केलं नाही म्हणून."

श्रीनाथ म्हणाला, माफी वगैरे मी मागणार नाही. त्याचं मी धरून चालले होते, त्याला तर खोली हवीच होती. पण आप्पा? मी त्यांना दोनदा सांगितलं, एकदा तर रडून सांगितलं, की आप्पा, तुम्ही एक शब्द बोला, त्या तुमच्या शब्दासाठी अडल्या आहेत. ते म्हणाले, "बघू." आणि खरादीवर कापड टाकून बसून राहिले. आई रोज त्यांना वेळेवर चहा द्यायच्या, कप ठेवून थोडं थांबायच्या, आणि परत जायच्या. पार्सल आमच्या मालाशिवाय गेलं.

खराद भैरवगडच्या एकाने घेतली. तो कापड छापण्याच्या ठप्प्यांना मुठी कातून देतो. चौघांनी मिळून ती हातगाडीवर चढवली. आप्पा गाडीमागून कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत येऊन रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून खालीच बसले. खरादीची मोटार जिथे बसवली होती तिथे फरशी फुटली होती. आई चहा घेऊन आल्या. मी दाराशी होते.

"त्या दिवशी मी पाहिलं होतं," आप्पा म्हणाले. "तू कुंकू लावत होतीस तेव्हा. मला ठाऊक होतं, लाकूड पिणार. पण रंग तर तुझ्या हातातून काढूनच घेतला होता, आता हेही नको म्हणायला जीभ उचलेना. मग श्रीनाथ बोलायला लागला आणि..."

 आईंनी कप त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही दारात उभे होतात," त्या म्हणाल्या. "मला दिसलं होतं. वाटलं, चालत नसतं तर तुम्ही बोलला असतात."

आणि रिकामा ट्रे घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या.