न दाबलेलं बटण

मी एक जुना कंट्रोलर आहे, मित्रांनो. टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळताना तुम्ही दोन्ही हातांत धरता ना, तोच. माझ्या पाठीवर ओरखडे आहेत, अंगठ्याखालची एक काठी ढिली झाली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्यामुळे एक मुलगी खोटारडी ठरली, त्याचं अजून वाईट वाटतं.

कारखान्यात एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मान डोलावली. जन्माचं मला एवढंच आठवतं. मग दुकान, आणि मग दोन बहिणींचं घर. मी थोरलीच्या वाट्याला आलो, माझा जुळा भाऊ धाकटीच्या.

गेममध्ये एक पंच होता, पण त्याचं आणि या घराचं कधी जमलं नाही. नुसता धक्का लागला तरी तो शिट्टी फुंकायचा, आणि मागून पाय घालून कोणाला आडवं केलं तरी कधीकधी ढिम्म उभा. त्यावरून बहिणींची रोज जुंपायची. शेवटी त्यांची आत्या वैतागली. आत्या शाळेचे गणवेश शिवायची. उजेडासाठी तिचं मशीन खिडकीशी होतं, त्यामुळे टीव्हीकडे कायम तिची पाठ असायची.

"त्या पंचाला घरी बसवा," ती म्हणाली. "आजपासून पंच मी."

मुलींनी गेममधले फाउल बंद करून टाकले. आत्याचा नियम एकच होता. घसरून टॅकल करायचं नाही, चेंडू उभ्यानेच काढून घ्यायचा. माझं गोल बटण दाबलं की, चेंडू आपल्याकडे असेल तर लांब पास जातो आणि समोरच्याकडे असेल तर आपला खेळाडू घसरतो. त्या बटणाचा आवाज बाकीच्यांपेक्षा जाड, टक्! चेंडू कोणाकडे आहे, हे आत्या मुलींच्या आरड्याओरड्यावरून ओळखायची, आणि टक् कोणाच्या बाजूने आलं ते कानाने. चुकीच्या वेळी टक् ऐकू आलं की तिचं मशीन थांबायचं. मशीन थांबलं की फाउल, आणि तीन फाउल झाले की लाल कार्ड. तिच्या पाठीला डोळे आहेत असं धाकटी म्हणायची. मला मात्र तिच्या कानांचा अभिमान वाटे, कारण ते माझ्यावर विसंबून होते.

आणि मीच दगा दिला.

सुट्टीतला शेवटचा सामना होता. दोघींचे दोन-दोन गोल, थोरलीचे दोन फाउल. तिने लांब पास दिला, तो धाकटीच्या खेळाडूने अडवला. थोरलीचा अंगठा केव्हाच बाजूला झाला होता, पण माझं गोल बटण खालीच चिकटलं होतं. ते कसंबसं वर आलं आणि आपलं आपणच पुन्हा खाली बसलं. टक्! थोरलीचा खेळाडू घसरला, धाकटीचा कोलमडला. मशीन थांबलं.

"तिसरा फाउल. लाल कार्ड."

"आत्या, मी दाबलंच नाही गं."

"मग काय भुताने दाबलं? फाउल झाला तर झाला, पण खोटं बोलू नकोस."

थोरलीने मला खाली ठेवलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून ती खेळली नाही. आत्याशी तिचं बोलणं 'हो' आणि 'नाही'वर आलं. मी कपाटाच्या खणात पडून राहिलो. खरं मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो, कारण मला तोंडच नाही.

दोन महिन्यांनी माझा जुळा भाऊ बिघडला, म्हणून एकटीनेच खेळायला धाकटीने मला बाहेर काढलं. पाचव्या मिनिटाला टक्! मशीन थांबलं.

"मी नाही दाबलं! आईशप्पथ!"

या वेळी आत्या वळली. धाकटीचे दोन्ही अंगठे हवेत होते, आणि माझं बटण तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा खाली बसलं.

मशीनचा लहान पेचकस घेऊन आत्याने मला उघडलं. आत साखरेचा तपकिरी थर सुकला होता. त्या खोलीत चहा एकटी तीच प्यायची, आणि कप ठेवायची माझ्याच शेजारी, फळीवर. तिने मला ब्रशने झाडलं, ओल्या चिंधीने पुसलं आणि तसंच उघडं हातात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. थोरली ताटं पुसत होती.

"हे बघ. माझाच चहा सांडला होता यात. तो सामना तुम्ही पुन्हा खेळा, मी पंच नाही होत."

"सामना नको," थोरली म्हणाली. "तू फक्त एकदा म्हण."

"काय म्हणू?"

"मी खोटं बोलले नव्हते म्हणून."

आत्याने म्हटलं. मग कोणी न सांगता आणखी एकदा म्हटलं. त्या दिवशी न रडलेली थोरली तेव्हा रडली.

मित्रांनो, आमच्याजवळ चहा-सरबत ठेवू नका, आणि सांडलंच तर नुसतं वरवर पुसू नका. आम्ही बिघडलो तर उघडून साफ करता येतं. पण कोणी "मी नाही केलं" म्हणालं, तर त्याच्यावर ओरडण्याआधी एकदा आम्हाला दाबून बघा. आम्हाला तोंड नाही. तिला होतं, आणि ती खरंच सांगत होती.