विहीर खाली नव्हती

मित्रांनो, ग्वाल्हेरला लष्कर भागात, नया बाजारच्या मागच्या गल्लीत एक छोटे घर आहे. त्याच्या अंगणात विहिरीला लागून, पत्र्याच्या छपराखाली, रंगाचे पोपडे उडालेला एक जुना पंप बसलेला असतो. तो मी.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडवले गेले. आगगाडीने मी ग्वाल्हेरला आलो आणि चार महिने एका दुकानात धूळ खात पडून राहिलो. तिथून मला भालचंद्ररावांनी उचलले. ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. काचेच्या नळ्या आणि तराजू सांभाळून त्यांचा हात फार हलका झाला होता. टांग्यातून येताना मला धक्का लागू नये म्हणून त्यांनी मला दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट धरून ठेवले होते.

दारात शरयूताई, त्यांच्या पत्नी, उभ्या होत्या.

"एवढंसं हे! हे गच्चीवर पाणी चढवणार?"

"चढवेल. फक्त याला तहानलेलं ठेवायचं नाही," भालचंद्रराव म्हणाले.

ते खरेच होते. माझ्या पोटात आधी थोडे पाणी असल्याशिवाय मला विहिरीतले पाणी ओढता येत नाही. त्यासाठी माझ्या पाइपच्या टोकाला, विहिरीत पाण्याखाली, एक पितळेची झडप असते. ती पाणी आत येऊ देते, पण परत जाऊ देत नाही. भालचंद्रराव दर वर्षी उन्हाळा लागायच्या आधी पाइप वर ओढत, झडप घासत, तिची चामड्याची चकती बदलत. मला ग्रीस लावत. खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे. नळाला पाणी नसले की गल्लीतल्या बायका कळशा घेऊन येत. समोरच्या विजयाबाई म्हणत, "या पंपानं कधी नाही म्हटलं नाही हो!" ते ऐकून मी जरा जास्तच जोरात पाणी फेकी.

गेल्या थंडीत भालचंद्ररावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलणे तर जवळजवळ गेलेच. मोठ्या कष्टाने एखादा शब्द बाहेर येई, तोही अर्धा. दुपार कलली की शरयूताई त्यांना अंगणात खुर्चीवर आणून बसवत. ते माझ्याकडे बघत बसत.

माझी जबाबदारी आता केदारवर आली, त्यांच्या मुलावर. तो मुरारला एका बँकेत आहे. स्वभावाने चांगला, पण सदा घाईत. बटण दाबायचा आणि दाढी करायला जायचा. यंदा उन्हाळ्याआधी कोणीही झडप काढून पाहिली नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी सुरू झालो आणि पाणी आलेच नाही. मी नुसताच गरगरत राहिलो. अंग तापले, जळका वास सुटला. शरयूताईंनी धावत येऊन बटण बंद केले.

संध्याकाळी केदारने अंशुल नावाच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने माझी तार तपासली, पंखा फिरवून पाहिला, पोटात बादलीभर पाणी ओतले. ते बघता बघता निघून गेले.

"मोटर तो ठीक है भैया," तो म्हणाला. "पानी ही नहीं उठ रहा. कुएँ में पानी है?"

विहिरीवर जाळी होती, जाळीवर तारेने बांधलेला पत्रा. कित्येक महिन्यांत कोणी आत डोकावले नव्हते. केदारने खांदे उडवले. तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"खा... खाली."

सगळे वळले. भालचंद्ररावांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती.

"विहीर... खाली."

अंशुलने मान डोलावली. "लो, बाबूजी ख़ुद बोल रहे हैं. कुआँ खाली है. इस बार सबके सूख गए."

केदारलाही तेच पटले. हिंदीच्या सवयीने या घरात टाकी 'खाली' होते, डबा 'खाली' होतो. रिकामे हा शब्द इथे क्वचितच कोणी वापरते. शरयूताईंच्याही मनात दुसरा अर्थ आला नाही. भालचंद्रराव मात्र डावी मूठ खुर्चीवर आपटत राहिले. खाली, खाली, खाली. ते जितके आपटत, तितकी घरच्यांना त्यांची दया येई.

मला ठाऊक होते ते काय सांगत आहेत. पण मला वाचा नाही, आणि त्यांची गेलेली.

अंशुल गेल्यावर केदार आईला हळूच म्हणाला, "विहीर बुजवून टाकू. रविवारी मलब्याची ट्रॉली मागवतो. वर फरशी घातली की गाडी उभी राहील. पंप भंगारात देऊ."

"त्यांना काय वाटेल रे?"

"आई, बाबांचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

हे त्यांच्यापासून चार हातांवर बोलले गेले. भालचंद्ररावांनी मूठ आपटणे थांबवले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

रविवारी सकाळी शरयूताई हळदकुंकू आणि मोगऱ्याची ओंजळभर फुले घेऊन आल्या. ज्या विहिरीचे पाणी इतकी वर्षे प्यायलो, तिला तसेच कसे बुजवायचे, असे त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. त्यांनी तार सोडवली, पत्रा सरकवला आणि जाळीतून फुले सोडली. मग वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

खाली पाण्यावर फुले तरंगत होती.

त्यांनी जाळी बाजूला करून दोरीला छोटी बादली बांधली. ती काठोकाठ भरून वर आली. त्या बादलीसकट, आज सकाळीच खुर्चीवर आणून बसवलेल्या भालचंद्ररावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे बघा! पाणी आहे की! मग तुम्ही खाली-खाली काय म्हणत होतात?"

भालचंद्ररावांनी डावा हात उचलला. तर्जनी जमिनीकडे केली.

"खा...ली."

शरयूताईंनी बादली जमिनीवर टेकवली. "खाली म्हणजे... खालच्या बाजूला? विहिरीत, खाली?"

भालचंद्ररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी मान डोलावली. हो, हो, हो.

दाराशी ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. केदार चप्पल घालत बाहेर आला.

"आई, बाजूला हो, ट्रॉली आत घ्यायची आहे."

"परत पाठव."

"अगं, माणसं आली आहेत..."

"परत पाठव म्हटलं ना! आणि त्या अंशुलला बोलाव. तुझे बाबा त्या दिवशी बरोबर सांगत होते रे. आपल्यालाच मराठी समजलं नाही."

तासाभराने केदार आणि अंशुल यांनी मिळून माझा वीस फुटी पाइप वर ओढला. टोकाची झडप उघडीच होती. तिच्या तोंडात कडुनिंबाची एक काडी अडकली होती, करंगळीएवढी. चामड्याची चकती कुजून मऊ झाली होती. त्या फटीतून माझ्या पोटातले सगळे पाणी गळून जात होते.

अंशुलने कानाला हात लावला. "माफ करना बाबूजी. हम उल्टा ही समझ बैठे."

भालचंद्रराव हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी केदारला जवळ बोलावले आणि डाव्या हाताच्या खुणांनी काम सांगू लागले. राखेने घास. नवी चकती बसव. आता झडप पाण्याने भरून उंच धर. केदारने धरली. तीन थेंब टपकले. भालचंद्ररावांनी मान हलवली. केदारने पुन्हा काढली, पुन्हा बसवली. एक थेंब. पुन्हा नाही. घामाने निथळत त्याने चौथ्यांदा धरली, तेव्हा एकही थेंब पडला नाही.

"ब...स," भालचंद्रराव म्हणाले.

त्या दुपारी मी गच्चीवरची टाकी भरली. केदार वडिलांच्या पायाशी ओट्यावर बसून होता. त्यांचा लुळा हात त्याने आपल्या हातात घेतला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर सुरू करण्याआधी त्याच्या पोटात पाणी आहे का ते बघा. उन्हाळ्याआधी एकदा झडप काढून पाहा. आवाज बदलला तर आधी बटण बंद करा. विहिरीत पाला पडू देऊ नका आणि अधूनमधून स्वतः डोकावून पाहा. आणि घरात कोणी सावकाश, अडखळत बोलत असेल, तर त्याचे वाक्य त्याच्या आधी पुरे करू नका. वेळ लागेल. लागू द्या.

आता दर रविवारी केदार मला पुसतो आणि भालचंद्रराव त्याला माझ्या एकेका भागाचे नाव खुणेने विचारून, स्वतःही म्हणून पाहतात. झडप, चकती, ग्रीस असे शब्द त्यांना परत सापडले आहेत. परवा शरयूताई लटक्या रागाने म्हणाल्या, "पंपाच्या सगळ्या भागांची नावं आली. माझं कधी येणार?"

भालचंद्ररावांनी त्यांच्याकडे पाहिले. ओठ जुळवले. माझ्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून केदारने पटकन माझे बटण बंद केले.

"श...रयू."

टाकी अर्धीच भरली होती. पण त्यानंतर कितीतरी वेळ मला पुन्हा सुरू करायचे कोणाच्या लक्षातच आले नाही.