धुऱ्यावरची पंगत

माझं तोंड वाईट आहे, हे अख्ख्या गावाले माहीत आहे. इंदूबाई बोलाले लागली की कुत्रंही रस्ता बदलते, असं म्हणतात. म्हणोत बापडे! पण माझ्या हातून कोणालेही मुकाट वाढलं गेलं नाही कधी. ताट ठेवलं की "या, जेवा" म्हटल्याशिवाय माझा हातच मागं येत नाही. माझा नवरा धोंडबा तं बोलावल्याशिवाय घासाले शिवत नाही.

भादव्यात कन्हान नदीले पूर आला. चार दिवस आम्ही शाळेत राहिलो. नागपूरहून कोणी कोणी टेम्पोत खिचडी घेऊन आले, आम्हाले पंगतीत बसवलं, "पोटभर खा, मावशी" म्हणाले. परक्याच्या हातचं खाताना मले रडू आलं, खोटं कशाले सांगू? परतलो तं खालच्या बांध्या, आमची धानाची वावरं, साऱ्या गाळात गेलेल्या. वाचली ती वरची एक बांधी. आमचा वर्षभराचा भात आता तिच्यातच होता.

पाणी ओसरलं अन् सकाळी धुकं पडाले लागलं. त्या धुक्यात खालचं शिवार दिसेच ना, वरची बांधी तेवढी अधांतरी तरंगून राहिली होती. धानाचा वास असा, की उभ्या उभ्या डोळा लागावा. एका सकाळी पाहते तं मधोमध धान आडवं पडलेलं. लोंब्या कोणी विळ्यानं छाटाव्या तशा, अन् बांधावर, म्हणजे आमच्या धुऱ्यावर, भोकंच भोकं. बुडालेल्या शिवारातले सारे उंदीर तिथं चढून बसले होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमचा पुरात आला.

"आठ दिवसात लोंबी उरणार नाही, मावशी," कृषी खात्याची पोरगी अश्लेषा म्हणाली. "औषध ठेवावं लागेल. पण उंदीर हुशार असतो. पहिले तीन दिवस साधंच खाऊ घाला. तांदळाची कणी, तेल, गूळ. भरवसा बसला की चौथ्या दिवशी त्यातच औषध."

"अवं, याले केसानं गळा कापणं म्हणतात!"

"मग वर्षभर काय खाल?"

पोरगी माझ्याच वळणाची निघाली.

पळसाच्या पानाचे द्रोण लावले. सांज कलली तशी एकेक द्रोण बिळापाशी ठेवला, अन् तोंडातून गेलंच, "या रे, जेवा."

धोंडबा हसला. "पाहुणे आले काय वं तुह्ये?"

"हाव. तुमच्याच इकडचे आहेत, तोंडावरूनच ओळखू येते."

दुसऱ्या सांजेले बोलावलं अन् तिथंच बसून राहिली. उजेड असा मऊ, की सारं पाण्याखालचं वाटे. एक कान फाटलेली उंदरीण आधी आली. दोन हातांत कणी धरून खाल्ली, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा खाल्ली. हिनंही पुराच्या पाण्यात लेकरं तोंडात धरून धुरा गाठला असंल, असं मनात आलं. मग मले झापड आली का काय, समजलं नाही. मी शाळेच्या वऱ्हांड्यात होती, लांबलचक पंगत बसली होती, अन् मी वाढून राहिली होती. कोणाचं तोंड दिसत नव्हतं, पण सारे पोटभर जेवून राहिले होते. लय बरं वाटलं मले. जाग आली तं द्रोण रिकामे.

तिसऱ्या दिवशी द्रोण ठेवायच्या आधीच, माझ्या आवाजानंच आले.

चौथ्या दिवशी नाकाले फडकं बांधून काडीनं औषध कालवलं. काळं, लसणासारखा वास. आज तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच निघाली. पहिला द्रोण ठेवला. दुसरा ठेवला. सगळे ठेवले. धुरा चिडीचूप. एकही बाहेर येईना. शेवटच्या द्रोणावरून माझा हातच मागं येईना.

"या रे, जेवा," म्या म्हटलं.

आले. फाटक्या कानाची सगळ्यांत आधी.

हाकलता आलं असतं तिले. एक टाळी वाजवली असती तं पळाली असती. मागं बांधी उभी होती. म्या बांधीकडं पाहिलं अन् टाळी वाजवली नाही.

सकाळी आम्ही दोघांनी खड्डा खणून सारे पुरले. धान हाती आलं. पुन्हा वेळ आली तं पुन्हा करीन, पस्तावत बसणं माझ्या स्वभावात नाही. असं मी सगळ्यांले सांगते.

नव्या धानाचा भात पहिल्यांदा शिजला, त्या दिवशी घरभर वास सुटला होता. धोंडबापुढं ताट ठेवलं. वाफ वर चढून राहिली होती. तो हात आवरून बसलेला.

"बोलाव ना वं. काहून मुकी झाली?"

तो तसाच बसून, माझ्या तोंडाकडं पाहून राहिलेला. किती भरवशानं, माय वं!

मी खाली बसली. त्याच्या ताटातला एक घास उचलला अन् त्याच्या आधी माझ्या तोंडात घातला. गिळला. थोडी थांबली.

मग म्हटलं, "जेवा."